तेलाखालचं पाणी

लाफूर्शकाठ, लुईझियाना
शुक्रवार, २८ नोव्हेंबर २०१४

चि. एल्मीरला थोरलीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

सगळ्यांत आधी टपकली ती एर्नेस्टीन. शेजारीण असली म्हणून काय झालं, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी माझी कॉफी गाळून व्हायच्या आत ही पेकानच्या वड्या घेऊन दारात. म्हणे नुसत्या वड्या द्यायला आले, बसत नाही. बसली ती संध्याकाळी सहापर्यंत. तिला माझ्या लेकाची, नोलनची, नवी गाडी बघायची होती, दुसरं काय. फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही, म्हणून सगळं लिहितेय. अक्षर लावून घे. शाळेत दोन वर्षं गेले, त्यातलं एक बाहेरच उभं राहण्यात गेलं, तुला माहीतच आहे.

दहाला नोलन आणि शर्लीन ह्यूस्टनहून आले. सूनबाईंनी स्वतःची उशी आणली होती. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे उशीला काही चावत नाही. ती हसली, पण उशी काही गाडीत परत गेली नाही. मला इतका आनंद झाला होता, की मी भाताच्या भांड्यात मिरी दोनदा घातली. घर भरलं की माझं डोकं असं रिकामं होतं.

आता मुख्य गोष्ट. माझ्या नातवाने, आपल्या लीनाच्या रेमीने, पगारातून विजेचा फ्रायर आणला होता. अख्खी टर्की तेलात तळायची, तीही घरात, ओट्यावर. ना गॅसची टाकी, ना अंगणात जाळ. माझी लेक वारल्यापासून तो माझ्याचकडे असतो. पंधरा दिवस टगबोटीवर, पंधरा दिवस घरी. मला त्या यंत्राची पहिल्यापासून धास्ती. उकळतं तेल आणि वीज एकाच भांड्यात, हे मला पटेना. रेमी म्हणाला, मेमेर, तू आजी आहेस, फक्त खुर्चीवर बस, बाकी मी बघतो. पण तो बर्फ आणायला गेला तेवढ्यात मी भांडं घासूनपुसून ठेवलं, टर्की किती बुडते ते पाहून घेतलं आणि तेल मोजून ठेवलं. हात गप्प बसत नाहीत माझे.

टर्की अजून बाहेर, यंत्राच्या टोपलीतच होती. नुसतं तेल तापत होतं. आणि एकदम खालून तडतड सुरू झाली. आधी वाटलं पत्र्यावर गारा पडतायत. मग झाकण उडालं आणि तेल कारंज्यासारखं उसळलं. रेमी पुढे झाला आणि वायर खेचली. त्याच्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत उडालं. नोलनने सिंकमधली पाण्याची परात उचलली, तेव्हा मी त्याचा सदरा धरून मागे ओढला, बटण तुटलं. पाणी टाकलं असतं तर आज हे पत्र लिहायला मी नसते. सगळे व्हरांड्यात जाऊन उभे राहिलो. एर्नेस्टीन जपमाळ म्हणत होती आणि मधूनमधून खिडकीतून बघत होती. शर्लीनने मला धरून बसवलं.

टर्की शेवटी ओव्हनमध्ये घातली. पाचला जेवलो. 

जेवणानंतर नोलनने रेमीला सुनावलं, की असलं स्वस्तातलं खेळणं म्हाताऱ्या माणसाच्या घरात आणतोस, अक्कल गहाण ठेवलीस का. नाताळापर्यंत त्याने दुसरी खोली बघायची, आणि माझ्या सोबतीला एर्नेस्टीनची भाची येऊन राहणार, असं ठरवूनही टाकलं. रेमी हाताला पट्टी बांधत होता. मी गप्प बसले. गेल्या वर्षी माझं दुधाचं भांडं जळलं, तेव्हा नोलन म्हणालाच होता, की आता पुन्हा तुझ्या हातून काही झालं तर घर बंद करून सरळ आमच्याकडे ह्यूस्टनला.

कालपासून झोप नाही. पत्र लगेच पाठव. लोभ आहे तसाच राहू दे, आटवू नकोस.

तुझी
ओझीत

*

पोर्ट आर्थर, टेक्सास
बुधवार, ३ डिसेंबर २०१४

ती. ताईस धाकट्या एल्मीरचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सूनबाईंच्या उशीचं वाचून मी इतकी हसले, की लेक धावत आली, तिला वाटलं मला ठसका लागला. एर्नेस्टीन जपमाळ म्हणत होती म्हणजे खरंच मोठं काहीतरी झालं असणार. एरवी ती फक्त पत्त्यांत हरताना म्हणते.

पुढचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला हसू येईना. ताई, तू थोरली, तुला विचारायचं माझं वय नाही, तरी विचारते. टर्की किती बुडते ते तू कशात बुडवून पाहिलंस? कारण आपली आई कशी मोजायची ते मला आठवतंय. पक्षी भांड्यात ठेवायचा, बुडेपर्यंत पाणी ओतायचं, पक्षी काढायचा आणि उरलेल्या पाण्याच्या पातळीवर कोळशाने रेघ मारायची. तेवढंच तेल. मग पाणी फेकून भांडं चुलीवर ठेवायचं, कोरडं खणखणीत होईपर्यंत, आणि त्यानंतरच तेल. तू हे विजेचं भांडं चुलीवर ठेवलं नसशील. माझ्या जावयाकडे असंच यंत्र आहे. त्याच्या बुडाला तेल काढायची तोटी असते, आणि तोटीच्या नळीत फडकं पोचत नाही.

रेमीचा हात कसा आहे ते तू लिहिलं नाहीस.

मी तुला सांग म्हणणार नाही, आणि नको सांगू असंही म्हणणार नाही. मी इथे लेकीकडे आले त्याला सहा वर्षं झाली. सगळे जीव लावतात. चहा हातात मिळतो. पण स्वयंपाकघरात गेले की कुणीतरी हळूच मागून येऊन उभं राहतं. घर सोडणं काय असतं ते मला ठाऊक आहे, म्हणून तुझ्या गप्प बसण्याला मी नावं ठेवत नाही. फक्त लीनाचं पोर आहे ते, एवढंच.

औषध वेळेवर घे. माझ्यावर रागावलीस तरी माया कमी करू नकोस, ही विनंती.

तुझी धाकटी
एल्मीर

*

लाफूर्शकाठ
सोमवार, १५ डिसेंबर २०१४

चि. एल्मीरला अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी तुझ्यावर चिडले होते. तिसऱ्या दिवशी भांड्याची तोटी उघडून तिच्या नळीत पिसाची काडी घातली. काडीला तेल आणि पाणी दोन्ही लागलं. आईची रीत मला आठवत होती गं. वाळवायचं तेवढं विसरले. रेमीने मला सांगितलंही होतं, की आतल्या बाजूला तेलाची रेघ कोरलेली आहे, मोजायचं कामच नाही. पण यंत्रावर कोरलेल्या रेघेवर कसा विश्वास ठेवायचा? आपण आपल्या डोळ्यांनी मोजणारी माणसं.

रेमीचा हात बरा होतोय, पण कोपराजवळ कातडं अजून लाल आहे. त्याने खोली बघितली, गॅरेजच्या वरची. मला म्हणाला, मेमेर, खिडकीतून पाणी दिसतं, चांगली आहे. त्याने मला एकदाही विचारलं नाही, की तू भांड्याला हात लावला होतास का. त्याला माहीत होतं असं मला वाटतं. 

काल रविवारी नोलन आणि शर्लीन त्या भाचीचं पक्कं करायला यायचे होते. फ्रीजरमध्ये दुसरी टर्की होती, ती मी बुधवारीच खाली काढून ठेवली. दोघं आली की सांगायचं, हे ठरवलं होतं, पण माझं मन ऐनवेळी मागे सरतं, म्हणून टर्की काढली. वितळलेला पक्षी परत गोठवता येत नाही, तळावाच लागतो, आणि तळायचा तर आधी बोलावंच लागतं.

सगळे येऊन बसल्यावर मी कोळंबी सोलायला घेतली आणि सोलता सोलता सांगितलं. वर बघितलं नाही. पाणी मीच ओतलं, मीच पुसलं, रेमीला पत्ता नव्हता, आणि त्याला बोल लागत असताना मी ऐकत बसले. एल्मीर, तेल उसळलं तेव्हा मी घाबरले होते, पण हे त्याच्या दुप्पट. कोळंबीची डोकी कुठे आणि अंग कुठे टाकतेय, कळेना. शर्लीनने माझ्यापुढचं भांडं सरळ केलं.

नोलन उठून पाण्याकाठच्या धक्क्यावर गेला. किती वेळ उभा होता देव जाणे, मी दोन पौंड कोळंबी संपवली. परत आला आणि म्हणाला, की भांड्यात पाणी राहिलं ते कुणाच्याही हातून राहील. पण सतरा दिवस तू पोराला माझ्या शिव्यांखाली ठेवलंस, आई.  

माफी मागणं नोलनच्या रक्तात नाही, बापावर गेलाय. त्याने रेमीची पट्टी सोडली, हात उजेडात धरून पाहिला, स्वतः मलम लावलं आणि नवी पट्टी बांधली. वाकडी बांधली. रेमी म्हणाला, मामा, तू गवंडी झाला असतास तर घरं पडली असती. 

मग नोलनने खुर्ची ओढली, हाताची घडी घातली आणि मला म्हणाला, की आता आमच्यासमोर करून दाखव. ह्यूस्टनचं त्यानंतर बघू. माझं वय ऐंशीच्या वर आणि परीक्षा आता. तोटी उघडून, काडीला फडकं गुंडाळून मी नळी कोरडी केली, ओलही राहू दिली नाही. तेल कोरलेल्या रेघेपर्यंतच ओतलं, थेंब जास्त नाही. टर्की आतून-बाहेरून तीनदा टिपली. मी टोपली खाली सोडायला घेतली, तेव्हा शर्लीन न विचारता उठून माझ्या शेजारी उभी राहिली. तिने हात लावला नाही, नुसती उभी राहिली. तेल फसफसलं, आणि मग ते आपलं आपण शांत झालं. पौंडाला साडेतीन मिनिटं, बारा पौंडांची बेचाळीस. 

साल अशी कुरकुरीत, की एर्नेस्टीनला तिच्या घरात वास गेला आणि ती आलीच. नोलनने स्वतःच्या आवडीचा मानेचा तुकडा रेमीच्या ताटात टाकला. गॅरेजवरच्या खोलीचं नाव निघालं नाही, भाचीचंही नाही. ह्यूस्टनचंही निघालं नाही, पण ते संपलं असं कुणी म्हणालेलंही नाही. म्हणून मी अजून घाबरूनच आहे. कोरडं फडकं आता तोटीलाच बांधून ठेवलंय.

तू लिहिलं नसतंस तर मी बोलले नसते. हे एवढं मान्य करून पुरे. तुझा लोभ मला लागतो, तो पाठवत राहा.

तुझी
ओझीत

ता. क. जाताना शर्लीन उशी इथेच ठेवून गेली. विसरली म्हणून मी गाडीमागे धावले, तर काच खाली करून म्हणाली, राहू द्या, आम्ही पुन्हा येतोय ना. मार्डी ग्राच्या सणाआधीच्या शनिवारी येतो म्हणालेत, चौदा फेब्रुवारीला.