आधी बॉल की आधी फेटा?

सोलापूर, रविवार, ता. ११ फेब्रुवारी १९३४

संध्याकाळी मिलच्या फाटकापाशी पुन्हा तोच वाद. आपल्या मिलच्या टीमनं रेल्वेवाल्यांना हरवलं, तो गोल! मल्लप्पानं डोक्यानं बॉल मारला आणि त्याचा फेटाही उडून गोलात गेला. पण आधी काय गेलं? गणपतराव म्हणतात बॉल, दाजी म्हणतात फेटा. मी तिथंच होतो, घसा बसेपर्यंत ओरडलो. मग मला का आठवू नये? फेटा मात्र अजून डोळ्यांपुढं आहे, गुलाबी, गोलात पडलेला.

शेवटी न राहवून मल्लप्पालाच गाठलं. तो हसत सुटला.

"फेटा कुटं उडला, अण्णा? डोळ्यांवर आला हुता की! तुमी वरडला, तवा मला गोल झाल्याचं कळलं."

मग गोलात मी गुलाबी पाहिलं ते काय?