तुझ्या मापाचे बूट

प्रिय बाबा,

काल तुझ्या तेराव्याला भटजींनी तुझे बूट घेतले नाहीत. म्हणून लिहितेय. दुसऱ्या कोणाला सांगू? आईला सांगितलं तर ती रडते. काका म्हणतो, "झालं ना आता, सोड." माझं मराठी लिहिणं कसलं आहे ते तुला माहितीये, इंग्लिश मीडियमची पोर तुझी. हसू नकोस.

कुठले बूट म्हणशील. तेच रे! कालदुर्गाचे.

आठवतं? पहिल्या ट्रेकवरून आले आणि तुला फोनमध्ये फोटो दाखवले. तू जाळं बाजूला ठेवलंस, हात लुंगीला पुसलेस, फोन डोळ्यांजवळ धरलास आणि म्हणालास, "अरे, हा पाठीमागून असा हाय?" मला कळेच ना, कोण? मग तू सांगितलंस. कालदुर्गाच्या माथ्यावरचा तो चौकोनी कातळ समुद्रातून बघत बघत तू आयुष्यभर होडी आपल्या गावाला, मुरब्याला आणलीस. तुझ्या बापाने पण तसंच केलं. आणि त्याच्यावर पाय कधीच ठेवला नाहीस! पालघरला शेकडो वेळा गेलास, पण समोरचा डोंगर चढावा असं वाटलं नाही?

मी म्हटलं, चल, तुला वरून आपला समुद्र दाखवते. मला वाटलं, उडवून लावशील. तू म्हणालास, "तो आमाला रोज घरी आणतो. एकदा त्याच्या घरी जायला पायजे."

बास! मला काय, निमित्तच पाहिजे होतं.

तुला वेळ कधी? होड्या किनाऱ्यावर ओढल्या की. म्हणजे भर पावसात. आणि पावसात तिकडचे दगड म्हणजे साबण. मग मी सुरू झाले. ग्रिप पाहिजे, घोटा झाकला पाहिजे, पुढे अंगठ्याला जागा पाहिजे नाहीतर उतरताना नखं काळी पडतात, आणि बूट संध्याकाळीच घ्यायचे, कारण दिवसभरात पाय फुगतात. तू आईला म्हणालास, "आयकलं काय गं? इतके दिवस आमी उगाच चालत होतो."

बोईसरच्या त्या दुकानात तू पाय पुढे केलास ना, तो सेल्समन बघतच राहिला. त्याने असा पाय कधी पाहिलाच नव्हता! बोटं पंख्यासारखी पसरलेली, अंगठा एकीकडे, करंगळी दुसऱ्याच गावाला. हलत्या होडीवर अनवाणी उभं राहून राहून झालेला पाय तो. "चाचा, जरा दबाके डालो," तो म्हणाला. तू दाबलास. अर्धा पाय आत गेला आणि थांबला. दुसरा जोड, तिसरा जोड. लांबीला सगळे बरोबर, रुंदीला एकही नाही. तू त्याला म्हणालास, "भाऊ, ये पाय नाय हाय, वल्हा हाय." वल्हा म्हणजे काय ते त्याला कळलं नाही, तरी तो केवढा हसला! म्हणाला, चौडा माल आएगा, मैं रख दूँगा.

येताना रिक्षात मी तोंड पाडून बसले होते. तू म्हणालास, "येल ना माल. डोंगर काय पळून जातो?"

डोंगर नाही पळाला, बाबा.

त्यानंतर पावसासाठी होड्या ओढायच्या आधीच तू गेलास. बंदरावर बोंबलाची टोपली उचलली, खाली ठेवली आणि बाजूला बसलास. काकाला वाटलं, दम लागलाय. टोपली नीट ठेवायची काय गरज होती रे? त्या वेळी तरी टाकायची होती ना!

मग बाराव्या-तेराव्याचं बोलणं निघालं. काका म्हणाला, छत्री आणि चप्पल द्यायला लागतात. माणूस गेल्यावर पुढची वाट तापलेल्या वाळूची असते, काट्याची असते, भटजींना दिलेली चप्पल त्याच्या पायात जाते. मी असलं काही मानत नाही, तुला माहितीये. पण हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात एकच आलं, की एवढा लांब ट्रेक आणि चपलेवर? वेडे आहेत का सगळे!

माप कुठून आणायचं? तू ओट्याला सिमेंट केलंस तेव्हा ओल्यातच पाय दिला होतास आणि आईने शिव्या घातल्या होत्या. तो पाय आहे अजून. मी त्याच्यावर पेपर ठेवला, पेन्सिल फिरवली, कापला. आई दारातून बघत होती.

दुकानात पेपर काउंटरवर ठेवला. सेल्समनने लगेच ओळखला. "अरे, चाचा का पैर! आ गया ना चौडावाला, मैंने रखा है." आतून खोका घेऊन आला. बूट पेपरवर ठेवला. बाबा, बसला! अंगठ्याला जागा, करंगळीला जागा, सगळं. तो म्हणाला, "चाचा को ही ले आते, पहन के देख लेते." मी म्हटलं, वो बाहर गए हैं.

दुसरं काय सांगणार होते?

काल भटजींपुढे खोका उघडला. ते बारीकसे, आईपेक्षा जेमतेम मोठा पाय. त्यांनी बूट हातात घेऊन उलटासुलटा केला. ओरडले वगैरे नाहीत हं. म्हणाले, "बाळा, दान घेणाऱ्याच्या मापाचं द्यायचं असतं. मी घालून चाललो तर ते त्यांना पोचणार. ह्याच्यात मी चालणार कसा?"

मी पटकन बोलून गेले, "दोन मोजे घाला ना."

सगळे हसले. आई पण हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. आणि तशीच हसता हसता रडायला लागली.

काकाला ठाऊक होतं वाटतं. त्याने भटजींच्या मापाचे साधे सँडल आधीच आणून ठेवले होते. तेच दिले. दोन मिनिटांत झालं.

म्हणजे तू भटजींच्या मापाच्या सँडलवर गेलास, बाबा. बोटं बाहेर आली असतील. काढून हातात घेतले असशील आणि तापलेल्या वाळूत तसाच चालायला लागला असशील, हो ना? मी मानत नाही, म्हटलं ना. तरी कालपासून डोळ्यांसमोर तेच येतं.

आता बुटांचं काय करू? काका घालत नाही. पाय अगदी तुझाच त्याचा, पण म्हणतो, "भावाच्या नावानं काढलेलं मी घालू काय?" आई म्हणते, खाडीत सोड. तिथे ते तरंगत राहतील आणि भरतीला परत आपल्याच दारात येतील. दुकानात परत दिले तर तो विचारणार, चाचा को नहीं आया क्या? त्याला काय सांगू, पायच नाही राहिला?

सध्या ओट्यावर ठेवलेत, सिमेंटमधल्या पायाच्या बाजूला. लेस ओवून ठेवलीये, चढताना पाहिजे तशी, थोडी सैल. कशाला ओवली, मलाच कळत नाही.

होड्या ओढल्या की मी कालदुर्गावर जाणार, तुझे बूट सॅकला बांधून. याने काही होणार नाही, मला कळतं. बूट चालत नाहीत, पाय चालतात. ते वर ठेवून पण येणार नाही, डोंगरावर कचरा करायचा नसतो. परत आणेन आणि ओट्यावर ठेवेन. पुढच्या वर्षी परत तेच.

एवढं प्रॉमिस करते. वर गेले आणि ढग बाजूला होऊन समुद्र दिसला, तर त्याच्यावर कुठे आपली होडी आहे का, ते शोधणार नाही. पावसात समुद्रावर कोणी नसतं, हे तूच शिकवलंयस.

तुझी,
दोन मोजे घाला म्हणणारी,
रेश्मा