मूठभर कोंडा

विजयदुर्ग
२९ नोव्हेंबर २०२३

रुक्मिणीच्या चि. गौरजास,
सीतेचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. तुझे बाबा कलमांच्या मोहोराकडे डोळे लावून बसले आहेत. थंडी धड पडत नाही म्हणून सकाळ-संध्याकाळ आभाळाला शिव्या घालतात. यज्ञेशरावांचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, पुण्याचं औषध पुरे झालं, तिरफळाचा काढा पाठवते, एका घोटात खोकला पळेल आणि बहुतेक जावईही.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझा राग पातळ होतो. या वेळी तो पातळ व्हायला नको आहे.

वाचनालयात दिवाळी अंक आले. ग्रंथपाल गुरुदासने मोठ्या कौतुकाने तुझा लेख मला काढून दिला. अंगणवाडीत माझ्या हाताखाली अक्षर गिरवलेला मुलगा तो, त्याला वाटलं बाई खूश होतील. मी तिथेच बाकावर बसून वाचला. अमेरिकेतल्या काळ्या बायकांनी लिहिलेल्या कादंबऱ्या, त्यांतल्या आया, त्यांची बाजारात विकली गेलेली मुलं. चांगलं लिहिलं आहेस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि शेवटच्या पानावर मी भेटले. ‘मला माझ्या आईने सुपात घालून, मासे विकणाऱ्या एका बाईला मूठभर कोंड्याच्या बदल्यात विकलं. माझी हा शब्द तिच्या तोंडून मी आजवर ऐकलेला नाही.’ त्याखाली माझे दोन मुलगे, जे तुझ्या आधी झाले आणि गेले. त्यांची नावंसुद्धा छापलीस.

गौरजा, ती नावं मी तुझ्या बाबांसमोरही काढत नाही. गणपतीत तू माझ्याजवळ बसलीस, मी आडाळ्यावर नारळ खवत होते, आणि तू इतक्या मायेने विचारलंस की मी सांगून टाकली. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी लेक विचारते आहे. विचारत होती ती प्राध्यापिका. लेख लिहायचाय एवढं म्हणाली असतीस तर मी खवलेला नारळ पातेल्यात टाकून उठून गेले असते.

सातासमुद्रापलीकडच्या आया तुला कळल्या. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते खोटं नाही.

बाकी क्षेम. उत्तर लिहायचं तर लिही, नाही तरी लोभ आहे तिथेच आहे.
सीता

*

पुणे
८ डिसेंबर २०२३

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन वेळा उत्तर लिहिलं आणि दोन्ही वेळा फाडलं. हे तिसरं आहे, आणि तेही रागातच लिहिते आहे. यज्ञेशचा खोकला गेला, आता माझं डोकं दुखतं.

मुलांची नावं छापायला नको होती. ते माझं चुकलंच, त्यावर मी एक अक्षर बोलत नाही. पण आई, बाकीच्या लेखात एक तरी वाक्य खोटं आहे का? मला विकलं नव्हतं का? शाळेत पोरं मला कोंड्याची गोणी म्हणायची. मी घरी येऊन तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, जा, रुक्मिणीला सांग.

दहावीचा निकाल आठवतो? मी तालुक्यात पहिली आले. सर पेढे घेऊन आले. मी आतल्या खोलीत कान देऊन उभी होते, की आता तरी आई काही म्हणेल. आणि तू म्हणालीस, माका कित्याक सांगतास, रुक्मिणीचा चेडू ता, तिका सांगा. म्हणजे मी तिची मुलगी, कौतुक तिच्या दारी न्या. सर ओशाळून हसले. त्या दिवशी मला कळलं की मी या घरात पाहुणी आहे.

लग्नाचंही तेच. आम्हाला बडेजाव नको होता म्हणून पुण्यात नोंदणी केली. घरी आलो तर तू यज्ञेशला ओवाळलंस, माझ्या हातावर साखर ठेवलीस आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलंस. संध्याकाळपर्यंत उघडलं नाहीस. यज्ञेशला मी सांगितलं, आईचं डोकं दुखतंय.

त्या कादंबऱ्या मी नोकरीसाठी वाचायला घेतल्या होत्या. पण त्यांत अशा आया भेटल्या, ज्या मुलावर जीव लावायला घाबरतात, कारण उद्या मालक त्याला विकणार. त्या रागावतात, राबतात, कधी जवळ घेत नाहीत. वाचताना मला सारखी तू दिसायचीस. फरक इतकाच, की त्यांच्या मुलांना दुसऱ्याने विकलं. माझ्या वेळी सूप तुझ्याच हातात होतं. हे मी कोणाला विचारायचं होतं? तू कधी सांगितलंस?

आणि पत्रावरही तू ‘रुक्मिणीच्या गौरजास’ लिहितेस. खाली नुसतं ‘सीता’. तेहतीस वर्षांत एकदाही ‘तुझी आई’ नाही. दगा कोणी कोणाला दिला, हे तूच ठरव.

बाबांना नमस्कार. रागावलेल्या मुलीवरही लोभ असू द्यावा.
गौरजा

*

विजयदुर्ग
१६ डिसेंबर २०२३

रुक्मिणीच्या चि. गौरजास,
सीतेचे अनेक आशीर्वाद.

होय, याही वेळी तसंच लिहिलं आहे. का, ते आता सांगते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून आजवर झाकली होती. ती तू छापून उघडलीसच, तर आतलं सगळंच बघ.

पहिला गेला तो बाळंतिणीच्या खोलीत. दुसरा चालायला लागला होता, अंगणात बांगड्याच्या डोक्यामागे मांजरासारखा दुडदुडत जायचा. तो तापात गेला. तू झालीस तेव्हा माझ्या सासूबाई म्हणाल्या, हे मूल तुझं म्हणून राहणार नाही. ज्याला न्यायचं आहे तो तुझ्या दारावर टपून आहे. मूल दुसरीला विक, म्हणजे तो येईल तेव्हा इथे तुझं काही नसेल. तू हसशील. मी हसले नाही. दोन मुलं पुरलेली बाई हसत नाही.

रुक्मिणी गाबितांची, आपल्या दारी मासे घेऊन यायची, तिची सगळी मुलं जगलेली. तिने टोपली ओट्यावर ठेवली, हात धुतले, मूठभर कोंडा माझ्या पदरात टाकला आणि तुला सुपातून उचललं. मग म्हणाली, माझा चेडू तू सांभाळ. त्या दिवसापासून मी तुला सांभाळते आहे.

याचा नियम असा, की विकलेल्या मुलाला आपलं म्हणायचं नाही. कौतुक करायचं नाही. मुलाला कारणही सांगायचं नाही, कारण मूल ते बोलून दाखवतं आणि ज्याच्या कानावर जाऊ नये त्याच्या कानावर जातं. आणि लेकीचं लग्न ठरलं की मांडवात, ती घर सोडण्याआधी, आईने पदर पसरायचा. विकत घेणारीने लेक त्या पदरात घालायची, आईने त्या विकत घेणारीला लुगडं-नारळ द्यायचा आणि मूठभर कोंडा परत करायचा. मग मोठ्याने, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणायचं, ही माझी.

तू पाळण्यात होतीस तेव्हा मी हिरवं लुगडं घेतलं. दर वर्षी उन्हात घालून पुन्हा ट्रंकेत ठेवायची. मी त्या एका दिवसावर जगत होते. आणि तू फोन केलास, आई, झालं गं लग्न, कालच सही केली. तुम्ही दोघं घरी आलात त्या दिवशी स्वयंपाकघराचं दार का लावलं ते आता समजलं असेल. मी लुगडं मांडीवर घेऊन बसले होते.

तू म्हणतेस, त्या आया आणि मी, फरक इतकाच. फरक फार मोठा आहे, मास्तरीणबाई. त्यांच्या मुलांवर मालकाने पैसे केले. त्या बिचाऱ्यांना कोणी विचारलं नाही. मी तुला विकलं ते तू राहावीस म्हणून. त्यांचं दुःख आणि माझा कोंडा एका ओळीत बसवताना तू दोघींनाही विचारलं नाहीस. मला विचारणं तर सोपं होतं, मी समोर नारळ खवत होते.

तुझं पत्र आल्यावर मी लुगडं घेऊन रुक्मिणीकडे गेले. उशीर झाला तर झाला, म्हटलं आता सोडवून घेते. तिने साफ नाही म्हणून सांगितलं. नात रश्मीने तिला तुझा लेख वाचून दाखवला होता. ती फार दुखावली आहे. शिवाय तिला बरं नाही, कुडाळला नेऊन आणलं, डॉक्टरांनी तोंड वाकडं केलं. तिच्या हातूनच हे व्हायचं. तिच्यामागे दुसरं कोणी तुला मला परत देऊ शकत नाही.

तुझे बाबा आशीर्वाद सांगतात. माझा राग आहे तसाच आहे, लोभही.
सीता

*

विजयदुर्ग
२४ डिसेंबर २०२३

बाय गौरजा,

रश्मी लिवता, मी सांगतंय. तिका सांगलंय, मी बोलतंय तसाच लिही, शाळेतली मराठी घालू नको.

तुझी आवस इल्ली, हिरवा लुगडा घेवन. म्हणाक लागली, रुक्मिणी, चेडू परत दी. मी सांगलंय, देवचंय नाय. पदरात घालूक चेडू समोर होया. तुझो फोटो घालू काय?

तू लिवलंस, मासे विकणारी एक बाय. माका नाव नाय काय गो? सुपातसून उचलून तुका पयला दूध मिया पाजलंय. माझो झील तेव्हा अंगावर पिय होतो, त्याच्या वाट्याचा तुका दिलंय. आणि तू माझा नाव इसारलंस. आवशीचे मेलेले झील नावानिशी लिवलंस, आणि जिती रुक्मिणी नुसती बाय!

आता एक सांगतंय, ता तुझी आवस मरासर सांगूची नाय. धावीच्या निकालाक मास्तर इलो, तुझी आवस म्हणाली, रुक्मिणीचा चेडू ता. इतक्याच तू आयकलंस. फुडला तुका म्हायत नाय. मास्तर गेलो तशी ती पेढे पदरात बांधून भर उन्हातसून माझ्या खळ्यात इली. माझे दोनय हात धरून म्हणाली, रुक्मिणी, तुझा चेडू तालुक्यात पयला इला. आणि अशी रडली, माका वाटला कोण मेला काय. तिच्या घरात तिका बोलूक गावा नाय, म्हणान माझ्याकडे येय. तुका दात इलो, तू चल्लंस, तुका नोकरी लागली, दर वेळेक धावत येय. तुझा चेडू असा, तुझा चेडू तसा. मी म्हणय, होय गो बाय, माझाच ता. तुझ्या वाटणीची सगळी मया मिया आयकान घेतलंय. ती माझ्याकडे आसा. येवन घेवन जा.

हात थरथरतत आता. सूप लय दिवस धरूक होवचा नाय. तू ये, आवस पदर पसरतली, मी तुका घालतलंय. ह्या काम पोस्टान जाणा नाय.

तुका विकत घेतलेली आवस,
रुक्मिणी
(लिवणार रश्मी)

*

पुणे
२ जानेवारी २०२४

ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

रुक्मिणीआईचं पत्र आलं. मी ते वर्गावर जायच्या आधी वाचलं आणि मग वर्गावर गेलेच नाही.

काय लिहू? तुझ्यावर अजून रागच येतो आहे, फक्त तो कुठे ठेवायचा ते कळत नाही. ते पेढे तू उन्हातून घेऊन गेलीस आणि मी इतकी वर्षं आतल्या खोलीतच उभी राहिले. मला एकदा, एकदाच, खूण करायला हवी होतीस. हळूच हात दाबायचा. तेवढं कोणाच्या कानावर गेलं नसतं.

माझ्या लेखांचं पुस्तक निघतं आहे. त्यातून हा लेख काढून घेते आहे. प्रकाशक नाराज झाले, म्हणाले, शेवटचं पान तर सगळ्यात उत्तम आहे. मी म्हटलं, ते पान माझं नव्हतं.

संक्रांतीला रजा मिळते आहे. तेरा तारखेला सकाळी पोचेन, एकटीच येईन. रुक्मिणीआईला सांग, फोटो नाही, मी स्वतः येते आहे. कोंडा तिथे मिळेल ना? इथे दुकानदार विचारतो, गाईसाठी की डाएटसाठी.

लोभ करशीलच, पण या वेळी जवळून कर.
गौरजा

*

विजयदुर्ग
१० जानेवारी २०२४

चि. गौरजास,
अनेक आशीर्वाद.

वर कोणाची ते लिहिलेलं नाही. का, ते पुढे कळेल.

शेजारचा सिद्धेश आजच्या एसटीने पुण्याला येतो आहे, त्याच्या हाती हे देते, म्हणजे तू निघण्याआधी तुला मिळेल. रुक्मिणी काल सकाळी गेली. रश्मीने तुला फोन केलाच. तू लगेच निघते म्हणालीस, पण पोचेपर्यंत थांबता येणार नव्हतं, म्हणून मीच रश्मीला नको म्हणायला सांगितलं.

परवा मी तुझं पत्र तिला वाचून दाखवलं होतं. दुकानदाराचं वाक्य तिने दोनदा वाचायला लावलं आणि खोकला येईपर्यंत हसली. मग रश्मीला सूप काढून झटकायला सांगितलं. ते सूप तिच्या उशाशीच होतं. ज्याची मी इतकी वर्षं धास्ती घेतली, तो माझं दार सोडून तिच्या दाराने आत आला.

मी हिरवं लुगडं घेऊन गेले आणि तिच्या अंगावर घातलं. नारळ ठेवला. मूठभर कोंडा तिच्या हातात दिला, बोटं मिटत नव्हती, ती मीच मिटवली. पाहणाऱ्यांना काय वाटलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. माझ्याकडून देणं होतं ते सगळं दिलं. पण तुला उचलून माझ्या पदरात घालायला ती उरली नाही. तेव्हा तू सुटलीस की अजून तिचीच आहेस, हे मला सांगता येत नाही. मी कोणाला विचारणारही नाही.

तू माझं गुपित गावाला वाचायला दिलंस, मांडवातला माझा दिवस परस्पर घालवलास, आणि आता येशील तीही चार दिवस उशिरा. मी विसरलेले नाही. इतक्या लवकर विसरेन असं समजू नकोस.

आलीस की आधी तिच्या घरी जा. तिचं दूध प्यायली आहेस, बारावा होईपर्यंत सुतक पाळ. आपल्या घरात कोणी काही म्हणालं तर ते माझ्यावर सोड. तिच्या खळ्यात बस, लेकीसारखी मोठ्याने रड, तिला ते आवडेल. तिथलं रडून झालं की मग इकडे ये. मी दार लावून घेणार नाही.

तुझी आई