साखळीतली तिसरी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, विधवा, राहणार लाँड्रीच्या वरचा मजला, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीवर असताना लिहून ठेवते. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दलही त्यांनी एक कागद दिला आहे, तो जोडत नाही. तो वाचून कोणाचं भलं होणार नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असतं तर त्यातही खोटंच बोलले असते.

वकीलसाहेबांनी एक गोष्ट मला दोनदा समजावली, ती इथे टिपून ठेवते. सही करणारे दोन साक्षीदार असे हवेत, ज्यांना या कागदातून काहीही मिळत नाही. ज्याला काही दिलं आहे त्यानेच साक्षीदार म्हणून सही केली, तर मृत्युपत्र टिकतं, पण त्याचा वाटा बुडतो. मी म्हटलं, "साहेब, एवढं कळतं मला. ज्याचा सदरा त्यानेच माप घेऊ नये."

कलम १. माझा अंत्यविधी साधा असावा. गीतं दोनच म्हणावीत. पाळकसाहेबांनी उपदेश लांबवू नये. त्यांना ती सवय आहे आणि मेल्यावर मला खोकून इशारा करता येणार नाही. माझ्या शवपेटीपाशी उभं राहून 'विश्वासू भगिनी' हे शब्द कोणीही उच्चारू नयेत. का, ते कलम पाचमध्ये आहे.

कलम २. राहतं घर, दोन खोल्या आणि गॅलरी, मुलगा आणि सून दोघांच्या नावे समान हिश्श्याने करावं. मुलगा म्हणेल, "एकच ना, आई." नाही बाळा, एकच नाही. तुझे वडील गेले तेव्हा माझं नाव एकाही कागदावर नव्हतं, तेव्हा मला कळलं एकच म्हणजे काय ते. खालच्या लाँड्रीवाल्याने वाफेचा पाइप आपल्या खिडकीखाली काढला आहे आणि अकरा वर्षं "उद्या हलवतो, काकू" म्हणतो आहे. मी त्याला माफ केलं आहे. पाइप मात्र हलवून घ्यावा.

कलम ३. बँकेत जे काही असेल त्यातून अंत्यविधी करून उरलेलं माझ्या पुतणीला द्यावं. तिच्या आईने माझं तोंड बघायचं सोडलं, पण पोरीने मला 'मोठी काकू' म्हणायचं सोडलं नाही.

कलम ४. मोठी कात्री, इस्त्री आणि मापाच्या वह्या सुनेला. कात्रीने कागद कापायचा नाही. अगं, एकदासुद्धा नाही. मला वर कळेल.

कलम ५. सासूबाईंची पायमशीन, तेलाची कुपी, बॉबिनचा डबा आणि लाकडी झाकणासकट, माझ्या धाकट्या जावेला द्यावी.

वकीलसाहेब म्हणाले, कारण लिहायची गरज नसते. आहे, गरज आहे.

सासूबाई गेल्या तेव्हा मशीन कोणाची यावरून आम्हा दोघींची जुंपली. शिवणाऱ्या दोघीही. एका रविवारी मी उपासनेला गेलेली असताना धाकटी हातगाडी घेऊन आली आणि मशीन घेऊन गेली. परत येऊन बघते तर कोपऱ्यात फरशीवर मशीनच्या पायांचे ठसे आणि सांडलेलं तेल. आठ महिने मी तिच्याशी बोलले नाही. चर्चमध्ये आम्ही एकाच बाकावर बसायचो, मध्ये तिची मुलगी. एकमेकींचा हात हातात घ्यायची वेळ आली की मी पोरीचा हात धरायची आणि पुढे बघायची.

आमच्या महिला मंडळात प्रार्थनेची साखळी आहे. दहा बायकांची यादी, प्रत्येकीला नंबर. कोणावर संकट आलं की तिने पहिलीला, म्हणजे पाळकीणबाईंना, कळवायचं. पहिलीने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला, असं शेवटपर्यंत. प्रत्येकीने हातातलं काम ठेवून प्रार्थना करायची, आणि ज्या दोघी मोकळ्या असतील त्यांनी जाऊन त्या बाईच्या शेजारी बसायचं. उपदेश करायचा नाही, नुसतं बसायचं. दुसऱ्या नर्सबाई. तिसरी मी. माझ्यानंतर चौथ्या मास्तरीणबाई, शाळेतून निवृत्त झालेल्या.

बावीस वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी साडेदहाला नर्सबाईंचा फोन आला. माझा दीर कामावर उंचावरून पडला होता, ऑपरेशनला आत नेलं होतं, आणि धाकटी दवाखान्यात एकटी होती. पाळकीणबाई परगावी होत्या, त्यांनी तिथूनच कळवलं होतं. नर्सबाई स्वतः दुसरीकडे ड्यूटीवर. "तुम्ही पुढे सांगा हं लगेच," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, "लगेच करते."

मी फोन उचलला. मास्तरीणबाईंच्या नंबरचे दोन आकडे फिरवले. आणि मनात आलं, बसू दे. बसू दे जरा एकटी, कळू दे तिला. मी फोन ठेवला आणि भाड्याच्या मशीनवर शाळेच्या गणवेशाची कॉलर शिवायला घेतली. पाच मिनिटांनी करू म्हटलं. पाच मिनिटं म्हणता म्हणता अर्धा तास गेला. मग फोन केला असता तर "इतका वेळ काय करत होता?" याचं उत्तर द्यावं लागलं असतं. बारा वाजले. आधी लाज वाटली, मग भीती. मी कॉलर उसवली आणि पुन्हा शिवली. दीर चार वाजता गेला.

संध्याकाळी नर्सबाई धापा टाकत आल्या. "अहो, तिच्याजवळ कोणीच कसं नव्हतं? पुढे सांगितलं होतं ना तुम्ही?"

मी म्हटलं, "मास्तरीणबाईंना केला होता की फोन. विसरल्या असतील हो, वय झालं त्यांचं."

मी का गेले नाही, हे कोणी विचारलं नाही. आमचं भांडण जगजाहीर होतं. आणि मास्तरीणबाई त्या वर्षी खरंच विसरायला लागल्या होत्या. चष्मा लावून चष्मा शोधायच्या. त्यांनी खूप वेळ आठवून बघितलं आणि शेवटी मान्य केलं. माझा अपराध त्यांनी मान्य केला! धाकटीच्या दारात जाऊन रडल्या, साखळीतून आपलं नाव काढून घेतलं आणि चार वर्षांनी गेल्या. त्यांच्या पेटीवरचं पांढरं कापड मी शिवलं. कडेला दुहेरी शिलाई घातली होती.

धाकटीने मंडळ सोडलं. "देवाशी माझं भांडण नाही, बायकांशी आहे," असं ती म्हणाल्याचं कानावर आलं. महिन्याभराने तीच हातगाडी आमच्या दारात आली आणि वर मशीन. गाडीवाल्याने निरोप दिला, "बाई म्हणाल्या, भांडायला आता जीव नाही, ठेवून घ्या." आणि मी ठेवून घेतली. तेव्हापासून मी तिच्यावर शिवते आहे.

यादीतली चौथी जागा आजही कोरी आहे. मी तिथे कोणाला येऊ दिलं नाही. लोकांना वाटतं, मास्तरीणबाईंच्या आदराखातर. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. मी थेट पाचवीला फोन करते, आणि बावीस वर्षांत एकदाही उशीर केलेला नाही.

कलम ६. 'रोजचा विश्वास' या विषयावर दर मंगळवारी मी मंडळात जे बोलले, त्याच्या एकोणीस वह्या आहेत. त्या मंडळाला द्याव्यात. जाळून टाकाव्यात असं आधी वाटलं होतं. पण तोंड खोटं होतं म्हणून शब्द खोटे होत नाहीत. फक्त पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर पुढचा मजकूर चिकटवावा.

बायांनो, मी तुम्हाला शिकवलं की विश्वास मोठ्या सभांत नाही, स्वयंपाकघरात आणि जिन्यात वाढतो. ते खरंच आहे. त्या मंगळवारीही मी सकाळी सहाला गुडघे टेकून चांगला पाऊण तास प्रार्थना केली होती. देवाने त्या दिवशी माझ्याकडे पाऊण तास मागितलाच नव्हता. साडेदहाला एक फोन मागितला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ते माझ्यासारखीलाच म्हटलंय.

म्हणून सांगते. जिचा राग आलाय तिचं काम सगळ्यात आधी करा. राग गेल्यावर करू म्हणाल तर बसाल माझ्यासारख्या. सकाळी शास्त्र उघडता तेव्हा मनात पहिलं नाव जिचं खुपतं, तिला दुपारपर्यंत काहीतरी चांगलं पोचतं करा, मग ते वाटीभर साखर का असेना. आणि चुकलात तर त्याच दिवशी कबूल करा. पहिल्या दिवशी ते एक वाक्य असतं. दुसऱ्या दिवशी त्याला खोटं चिकटतं आणि मग ते सोडवता येत नाही. पाळकसाहेब म्हणतील, देव काही तुमच्या फोनवाचून अडून बसला नव्हता. नसेल. धाकटी अडून बसली होती.

कलम ७. हे कलम आठ दिवसांनी लिहीत आहे.

वरची सहा कलमं घेऊन मी वकीलसाहेबांकडे गेले. त्यांनी पाचवं दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. "काकू, या बाई हयात आहेत?"

"आहेत की. तीन गल्ल्या सोडून."

"मग हे तुम्ही गेल्यावर मी त्यांना वाचून दाखवायचं?"

मी पुन्हा तेच करत होते. पाच मिनिटांनी करू. अर्पण बाजूला ठेवून आधी ज्याचं मन दुखवलं त्याच्याकडे जा, हे मी वही क्रमांक दोन, सात आणि चौदा, तीन ठिकाणी शिकवलं आहे. वकिलाच्या जिन्यावर मला ते शिकावं लागलं.

मी तशीच धाकटीकडे गेले. ती ताट पुसत होती. मी उंबऱ्यावर उभी राहूनच सगळं सांगितलं, कॉलरसकट. ती तेच ताट पुसत राहिली. मग म्हणाली, "मी दोन खुर्च्या धरून ठेवल्या होत्या. एकीवर पिशवी, एकीवर छत्री. एक म्हातारे गृहस्थ सारखे विचारायचे, बसू का? मी म्हणायची, नाही हो, आमच्या बायका येताहेत. चार वाजेपर्यंत मी त्या म्हाताऱ्या माणसाला उभं ठेवलं, ताई."

"मला माफ कर गं," मी म्हटलं.

"माझ्याकडे कसली माफी मागता?" तिने ताट आदळलं. "ती म्हातारी माझ्या दारात रडली आणि मी तिच्या तोंडावर दार लावलं! ती मेली तरी मनातून तिला शिव्या देत होते मी. हे पाप माझ्याकडून कोणी करवून घेतलं? तुम्ही!"

हे मला सुचलंही नव्हतं. बावीस वर्षं मी माझंच पाप मोजत बसले, तिच्या पदरात काय टाकलं ते बघितलंच नाही. मी मूर्खासारखं म्हटलं, "मशीन तुला ठेवलीय."

"चुलीत घाला ती मशीन." तिने पायात चपला सरकवल्या. "चला."

"कुठे?"

"मास्तरीणबाईंच्या भाचीकडे. आधी तुम्ही तुमचं सांगा. मग मला माझं सांगायचंय."

भाची त्याच घरात राहते. तिने दोघींचं ऐकून घेतलं आणि आम्हाला आतल्या खोलीत नेलं. जुना फोन केव्हाच बंद पडलाय, पण भिंतीवर एक चिठ्ठी अजून चिकटलेली आहे. मास्तरीणबाईंचं वळणदार अक्षर: 'फोन आला की लगेच पुढे करणे. विसरू नये.' भाची म्हणाली, "मावशी शेवटी माझं नावसुद्धा विसरली. रोज सकाळी हे मात्र मोठ्याने वाचायची."

आम्ही दोघी जिना उतरलो. धाकटी पुढे, मी मागे. कोपऱ्यावर ती आपल्या गल्लीत वळली.

कलम ८. मंडळाच्या नोंदवहीत दुरुस्ती करावी: त्या दिवशी मास्तरीणबाईंना फोन आलाच नव्हता, त्या काहीही विसरल्या नव्हत्या. येत्या रविवारी हे मी स्वतः उभी राहून सगळ्यांसमोर सांगणार आहे. त्याआधी मी गेले, तर सुनेने वाचावं, आणि हळू आवाजात वाचू नये. धाकटीने मशीन घेतली नाही, तर ती मंडळाच्या खोलीत ठेवावी.

दुसरा साक्षीदार म्हणून लाँड्रीवाल्याला बोलावलं आहे. त्याला मी काहीच दिलेलं नाही, त्यामुळे त्याची सही चालेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि आता त्यात लपवलेलं काही नाही.

ठिकाण: माझी शिवणाची खोली
दिनांक: सात, मंगळवार, सकाळी साडेदहा

(सही) मृत्युपत्र करणारी, साखळीत तिसरी

साक्षीदार १: (सही) नर्सबाई, साखळीत दुसरी. मजकूर आज पहिल्यांदा कळला. त्या संध्याकाळी मी आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता.

साक्षीदार २: ~~लाँड्रीवाला~~ (खोडले आहे. तो जिन्यात भेटला, मी त्याला परत पाठवलं. – धाकटी जाऊ)

(सही) धाकटी जाऊ. कलम पाच वाचलं. साक्षीदाराचा वाटा बुडतो हे वर लिहिलंय, तेही वाचलं, आणि वाचूनच सही केली. माफ केलं असं कोणी समजू नये. पत्ता ताईंना माहीत आहे. फोन नंबर त्यांनी बावीस वर्षांत कधी मागितला नाही, तो खाली लिहिते. यादीत मास्तरीणबाईंच्या कोऱ्या जागेवर, चौथं, माझं नाव घालावं. म्हणजे यापुढे काहीही झालं तरी ताईंना पहिला फोन मलाच करावा लागेल.