पितळेचा खुराक

२ फेब्रुवारी १९७९, आंधळगाव
मागच्या उन्हाळ्यात जाण्याआधी सुलोचनाने सरबताच्या लिंबाच्या बिया तुपाच्या रिकाम्या डब्यात टोचल्या होत्या. चार रोपे आली. आता पाने पिवळी पडत आहेत, शिरा तेवढ्या हिरव्या. घाबरण्यासारखे काही नाही. सकाळपासून सारखा बघून येतो आहे, एवढेच.

५ फेब्रुवारी
मुलीला, चंद्रकांताला, पवनीच्या पत्त्यावर कार्ड टाकले. आईच्या वर्षश्राद्धाला ये, तिच्या हातचे एक रोप सासरी ने. रोपे जोमदार आहेत असे लिहिले. तोवर होतील.

९ फेब्रुवारी
खताच्या दुकानातून पुस्तिका आणली. पाने अशी पिवळी म्हणजे मातीत जस्त कमी. तांबेही लागते. आणि पितळ म्हणजे तांबे अधिक जस्त! सुलोचनाची पाणी भरायची गुंडी पितळेचीच आहे. घरचे औषध. 'अत्यल्प प्रमाणात' असे छापले आहे. लिहिणारे लोक भित्रे असतात.

११ फेब्रुवारी, सकाळ
गुंडीचा तळ कानशीने घासला. भुकटी ताकात भिजवली. डोळ्यांत पाणी आले. भुकटीमुळे.

संध्याकाळ
ताक हिरवे झाले! आता हा हिरवेपणा पानांत उतरणार. डब्यात ओतले. शेजारच्या गिरजाबाई कुंपणावरून म्हणाल्या, कळकलेलं ताक माणसाले बाधते, झाडाले कायले पाजून राहिले भाऊ? वहिनी असती तं ताकासंगं तुमालेही उकिरड्यावर टाकलं असतं. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. मी मॅट्रिक.

२० फेब्रुवारी
एक रोप वाळले. मुळातच अशक्त असणार. बाकीच्यांना खुराक दुप्पट.

४ मार्च
आणखी दोन गेली. उपटून पाहिली. मुळे काळी, आखूड, जळलेल्या वातीसारखी. ती परत डब्यात खोचली. चहा झाला नव्हता. हे मीच तर
दिवा लावायची वेळ झाली.

५ मार्च
ताक बंद. शेवटच्या रोपाला नवी माती दिली. त्याला म्हटले, चंद्रकांता येईपर्यंत थांब. दवाखान्यात सुलोचनाला हेच म्हटले होते. असे बोलायला नको होते.

९ मार्च
थांबले नाही.

२ मे
चंद्रकांता उद्या येते. डबा गोठ्यामागे टाकला. शेळीने खाल्ले म्हणून सांगेन. गिरजाबाईंकडे शेळी आहेच.

४ मे
श्राद्ध झाले. शेळीचे मी तीनदा सांगितले. तिने एकदाही विचारले नव्हते. निघताना म्हणाली, बाबा, रोप राहू द्या, मले आईची गुंडी पाह्यजे. विहिरीवरून भरून आणली, तर पातळ पायापर्यंत भिजले. उलटी करून तळ पाहिला. हिले काय झालं हो बाबा? जुनी आहे, म्हटले.

बरं झालं, म्हणाली, भोकं हायेतच, माती भरून लिंबू लावीन हिच्यात.

बसमध्ये गुंडी पोटाशी धरून बसली. खिडकीतून विचारले, खत कोन्तं देऊ? काही नको, म्हटले. पाणी घाल.

बस गेल्यावर लक्षात आले, ताक घालू नको हे सांगायचे राहिले. तिच्या घरी रोज ताक होते.