नामपल्लीच्या सिग्नलवर भाऊजी

मंगळवार, संध्याकाळ

ह्यांच्या मोठ्या भावाला, दारू पिऊन गाडी चालवली म्हणून, कोर्टाने जेलऐवजी समाजसेवा दिलीय. आठवडाभर नामपल्लीच्या सिग्नलवर 'दारू पिऊन गाडी चालवू नका' अशी पाटी धरून उभं राहायचं. भाऊजींनी मास्क लावलेला, टोपी घातलेली. कुणी ओळखू नये म्हणून.

मी ओळखलं. ऑटोतून उतरलेच.

नणंदेच्या लग्नात, भर मांडवात म्हणाले होते, "नीट वाक. माहेरी शिकवलं नाही का?" सगळ्यांसमोर मला पुन्हा पाया पडायला लावलं होतं.

आज नीट वाकले. डोक्यावर पदर घेऊन, भर रस्त्यात. लोक वळून बघायला लागले.

"कौन हैं अम्मा ये?" ट्रॅफिक पोलिसाने विचारलं.

"हमारे घर के बड़े हैं," मी मोठ्याने सांगितलं, नावगावासकट. मग हळूच म्हटलं, "भाऊजी, मास्क काढा की. उकडत असेल."

आशीर्वाद द्यायला हात मोकळा नव्हता, दोन्ही हातांत पाटी. त्यांच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. मला वाईट का वाटलं नाही? अजूनही वाटत नाहीय.

सासूबाई रडतायत, यापेक्षा जेल बरी होती म्हणे. जेलमध्ये मला पाया पडायला कोणी सोडलं असतं?

उद्या त्या लग्नातलीच साडी नेसून जाते.