दाराबाहेरचा अंगारा

तलवाडा, माघ शु. ९, शके १८३४

चि. राधाकिशन यास विठ्ठलरावाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आठवड्याखाली तुझी वहिनी केसर गुऱ्हाळावर उकळत्या रसानं भाजली. उजवा हात अन् सारी पाठ. चार दिवस तापानं फणफणली. आता ताप उतरला, पेज घेते, कण्हत न्हाई. म्हणून संकष्टीपासून समाचाराला येणाऱ्या बायकांना आत सोडावं म्हणतो, न्हाईतर भावकी तोंडात शेण घालील. तू तिथं डाक्तरी शिकतोस. धोका टळला ना, तेवढं कळव. आईमागं तिनंच तुला न्हाऊमाखू घातलं.

इकडे तुझी आठवण रोज निघते.

हैदराबाद, माघ शु. १३

ती. दादांच्या चरणी राधाकिशनचा सा. न. वि. वि.

पत्र आजच मिळालं. दादा, कोणालाही आत सोडू नका. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, जखमेतून शिरलेले जंतू त्या खातात. भाजल्यावर त्या झुंडीनं धावतात. पण इथल्या एका भाजलेल्या विणकराचं रक्त मी रोज खुर्दबिनीखाली, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली, पाहिलं. दुसऱ्या आठवड्यात पेशी भरपूर होत्या, पण जंतू शेजारी असून हलत नव्हत्या. जागून थकलेला राखणदार शेतातल्या माच्यावर पेंगतो, तशा. त्याचा ताप उतरला म्हणून आम्हीही निर्धास्त झालो होतो. तो गेला.

फडकी उकळून घ्या, हात साबणानं धुवा. तूप, राख, अंगारा काही लावू देऊ नका. निदान महिनाभर दारातून कोणी आत नको. तुमचा तापटपणा गावाला ठाऊक आहे, आता तो कामी येऊ द्या.

वहिनींना जपा. माझ्यावर माया आहेच, ती राहू द्या.

तलवाडा, फाल्गुन व. ५

चि. राधाकिशन यास आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं अन् तिसऱ्या दिवशी ताप पुन्हा चढला. अकरा दिवस मी दार सोडलं न्हाई. त्यातच तिची आई चंद्रभागाबाई मांजरसुंब्याहून बैलगाडीनं आली, लेकीच्या पाठीला लावायला देवीचा अंगारा घेऊन. मी उंबऱ्यातच अडवलं. म्हातारीनं पुडी बाहेरच्या कोनाड्यात ठेवली अन् पाणीसुद्धा न घेता परत गेली. केसर तापात विचारायची, आई का आली न्हाई? मी म्हणायचो, आली न्हाई. खरं सांगितलं असतं तर ती उठून बाहेर गेली असती.

आता जखमेवर लालबुंद मांस धरलंय, ताप न्हाई. पण आईवर रुसून बसली होती. काल मला राहवलं न्हाई, सगळं सांगितलं. मग भिंतीला धरून, भाजल्यापासून पहिल्यांदा, आपल्या पायानं उठली. कोनाड्यातली पुडी काढली अन् अंगारा फक्त कपाळाला लावला. म्हणाली, "उद्या गाडी जुंपा. आईच्या पायावर आधी तुमी डोकं ठेवा, मग मी."

गाडी जुंपून हे पत्र लिहितोय. मनातून लई भ्यालोय, पण जातो. लोभ असू दे.